मिठाच्या माणसाच्या आत कोण होतं

शनिवार, ९ ऑक्टोबर १९९९

चोर! सरळसरळ चोर! आणि वर टेबलावर पांढरी चादर अंथरून, चार रंगांची पेनं मांडून बसलाय.

कॉव्हेन्ट्रीच्या हॉटेलात ‘सातवं दार’च्या चाहत्यांचा मेळावा. मालिका बंद पडून अकरा वर्षं झाली, तरी ही मंडळी दर वर्षी जमतात आणि आम्हा जुन्या पाहुण्या नटांना बोलावून फोटोंवर सह्या घेतात. माझं टेबल नेहमीसारखं दाराच्या वाऱ्यात. शेजारी डोरीन. मालिकेत ती तीन वेगवेगळ्या ग्रहांची राणी झाली होती, त्यामुळे अजून मान ताठ ठेवूनच चहा पिते. मी त्या मालिकेत तीनदा होते आणि तिन्हीदा मेले. आम्हा पाहुण्यांची पत त्यावरच ठरते — चार भागांच्या कथेत कितव्या भागात मेलीस? चौथ्यात मेलीस तर तू नटी. पहिल्यात मेलीस तर घरी सांगू नकोस.

तर समोरच्या टेबलावर नवीन पाटी: ‘सिरिल टॅपलो. मिठाचा माणूस, १९६७.’

मिठाचा माणूस माझा लेन होता! माझा नवरा! त्या रबरी सोंगाच्या आत तो होता, आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी मला दोन्ही हातांवर उचलून गुहेत नेलं तेही त्यानंच. त्या काळी मुखवट्यातल्या माणसाचं नाव पडद्यावर देत नसत. पुढे टेपही पुसल्या, त्यांच्यावर घोड्यांच्या शर्यती रेकॉर्ड केल्या म्हणे. चेहरा कधी दिसला नाही, नाव आलं नाही, चित्र उरलं नाही. लेनला जाऊन तीन वर्षं झाली. मग काय, आता कुणीही यावं आणि म्हणावं, तो मीच!

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

रविवार, १० ऑक्टोबर

आज त्याच्या टेबलाशी गेले. गोड हसत. तीस वर्षं टीव्हीवर नर्सची कामं केलीत, कुणाला सुई टोचायची असली की मला गोड हसता येतं.

उंच, वाकलेला, सत्तरीचा. हात मोठे. मला बघून उठून उभा राहिला. ‘बसा ना, मिसेस प्रिंगल.’ म्हणजे मला ओळखतो!

विचारलं, ‘काय हो, ते सोंग बांधायचं कुठून?’

‘पाठीमागून. दोरीनं. पोशाखवाली विनी बांधायची, गुडघा पाठीत रोवून.’

‘आणि अंगावरचं मीठ?’

‘मीठ कसलं! डिंकात कालवलेला ओटचा भरडा. दिवे तापले की शिळ्या खिरीसारखा वास सुटायचा.’

बरोबर आहे सगळं. पण म्हणून काय? तो वास स्टुडिओतल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होता. मग मी मुद्द्यावर आले. ‘लेनला ओळखायचात?’

त्यानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. ‘ओळखायचो. चांगला माणूस होता.’ एवढं म्हणून खाली बघत बसला. चोराच्या मनात चांदणं!

बुधवार, १३ ऑक्टोबर

ग्रॅहमचा फोन. हा क्रू गावच्या लायब्ररीत असतो आणि मालिकेचा इतिहास त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. हल शहरातल्या एका बाईंच्या माळ्यावर आमच्या ‘मिठाचे लोक’ या कथेचा आवाज सापडलाय! चारही भाग. बाईंनी तेव्हा टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवला होता. आता ते प्रकाशित होणार, सोबत छोटं पुस्तक, त्यात सगळ्यांची नावं. मुखवट्यातल्यांचीसुद्धा.

‘पण अडचण अशी की दोन नावं आलीत,’ ग्रॅहम म्हणाला. ‘तुमच्या मिस्टरांचं तुम्ही सांगता, आणि टॅपलो स्वतःचं. कागद कुठलाच नाही. त्या प्रसंगात मुखवट्याबरोबर तुम्ही एकट्याच होता, मिसेस प्रिंगल. तुम्ही सही करून लिहून द्याल ते नाव छापू.’

‘मग त्यात अडचण कसली? लेन प्रिंगल छाप!’

‘लिहून द्या फक्त. नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत.’

आवाज ओशाळा वाटला. टॅपलोनं त्याचे कान भरलेत की काय? मी लगेच लिहायला बसले, आणि थांबले. नुसती सही करून भागणार नाही. तो माणूस मागून येऊन बोंब मारेल, बायको नवऱ्याचंच नाव सांगणार! त्याचं खोटं आधी पकडायचं, मग सही.

माझ्याकडे पुरावा काय? आठवडाभर चर्चच्या हॉलमध्ये लेनबरोबर तालीम केली, शर्टाच्या बाह्या दुमडून तो मला उचलायचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी ते सोंग. संपलं की लेन मागच्या जिन्यातून यायचा — राक्षसाचं डोकं काखेत, केसांतून पाणी निथळतंय. या डोळ्यांनी पाहिलंय! एकदा नाही, चारही आठवडे!

रविवार, १७ ऑक्टोबर

जॅनिसचा लीड्सहून फोन. पोरीला सगळं सांगितलं. म्हणते, ‘आई, त्या रबराच्या आत बाबा होते की आणखी कोण, काय फरक पडतो?’

काय फरक पडतो! त्या कामानंतर लेनला दुसरं काम मिळालं नाही. सव्वीस वर्षं स्टॉकपोर्टला गालिचे विकले त्यानं. पण दर नाताळला कुणी ना कुणी विचारायचंच, ‘लेन, तू तो मिठाचा माणूस ना?’ आणि तो हसून मान डोलवायचा. तपशिलात कधी शिरायचा नाही. बढाई त्याच्या रक्तातच नव्हती. एक गोष्ट होती त्याची आयुष्यात, एकच!

‘ते तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे, माझ्यासाठी नाही,’ असं म्हणाली. बापाच्या बाबतीत ती अशीच कोरडी. त्याच्या अंत्यविधीलाही पाहुण्यासारखी आली आणि पाहुण्यासारखी गेली. का, ते मला ठाऊक आहे. ते इथं लिहायचं नाहीये.

बुधवार, २० ऑक्टोबर

डोरीनला फोन करून टॅपलोची कुंडली काढली.

‘अगं, तो? तो गर्दीतला! भाला धरून मागं उभा राहायचा. माझ्या दोन राज्याभिषेकांत होता, पण नाव मला मेळाव्यातच कळलं. वॉल्सॉलला बहिणीकडे राहतो. त्याच्या तोंडी एक वाक्यसुद्धा कधी आलं नाही बिचाऱ्याच्या.’

‘बिचारा कसला! वाक्य मिळालं नाही म्हणून आता दुसऱ्याचं काम लाटतोय.’

‘असेल बाई. पण थेल्मा, दोऱ्या बांधल्यावर आत कोण आहे हे फक्त विनीला ठाऊक असायचं. आणि विनी तर गेली.’

‘मला ठाऊक होतं! नवरा होता तो माझा!’

‘हो गं राणी, हो,’ म्हणाली. वेड्याला समजवावं तसं. हिच्या मनात काय आहे? मेळाव्यापर्यंत त्याचं नाव माहीत नव्हतं, आणि पत्ता लगेच सापडला!

शनिवार, २३ ऑक्टोबर

सापळा लावला. टॅपलोला पत्र धाडलं, अगदी मायेनं. ‘तुम्ही मला उचलून नेताना पाय घसरून पाडलंत, नि दिवा फुटला, आठवतं ना? सगळे किती हसलो होतो!’ असलं काही झालंच नव्हतं. ‘हो’ म्हणू दे एकदा, की त्याचंच पत्र ग्रॅहमच्या पुढ्यात ठेवते.

सोमवार, २५ ऑक्टोबर

टपाल आलं. गॅसचं पत्रक आणि डोरीनचं कार्ड. त्याचं नाही. घाम फुटला असेल.

बुधवार, २७ ऑक्टोबर

उत्तर आलं. तीन ओळी.

‘मी तुम्हाला पाडलं नाही, मिसेस प्रिंगल. तुम्हालाही ते ठाऊक आहे. का जपून नेलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शनिवारी अकराला बर्मिंगहॅम स्टेशनच्या चहाच्या दुकानात याल का?’

वाचून अंगाचा तिळपापड झाला. सापळा चुकवला तो चुकवला, वर मलाच सुनावतो! याला कुणीतरी पढवलंय. ग्रॅहम? डोरीन? आणि ‘का जपून नेलं’ म्हणजे काय? धमकी आहे का ही?

जाणार. लेनचा स्टुडिओतला फोटो घेऊन जाणार, राक्षसाचं डोकं काखेत धरलेला. टेबलावर आपटते त्याच्या पुढ्यात.

शनिवार, ३० ऑक्टोबर

गाडीत बसून लिहितेय. डबा हलतोय, अक्षर वाचता येईल की नाही कोण जाणे.

तो आधीच येऊन बसला होता. माझ्यासाठी चहा आणि लोणी लावलेला बेदाण्यांचा पाव मागवून ठेवलेला. मी पावाला हात लावला नाही. फोटो आपटला. ‘हा बघा! केस ओले, डोकं काखेत! आता बोला!’

त्यानं फोटो बराच वेळ बघितला. ‘केसांना नळाचं पाणी आहे ते,’ म्हणाला. ‘डोकं मी जिन्यात त्याच्या हातात द्यायचो.’

मग सांगितलं. पहिल्या रेकॉर्डिंगच्या दुपारी विनीनं लेनच्या डोक्यावर ते रबर चढवलं, दोऱ्या आवळल्या, आणि लेन आतल्या आत गुदमरून कोसळला. परत प्रयत्न केला, परत तेच. कोंडलं की त्याचा श्वासच बंद व्हायचा. टॅपलो भाला धरून तिथंच उभा होता, उंचीला लेनएवढा. विनीनं त्याला आत घातलं. दिग्दर्शकाला पत्ता नाही. तालमीला लेन, रेकॉर्डिंगला टॅपलो, चारही भाग.

‘लेननं माझे हात धरले हो. म्हणाला, पुन्हा काम मिळणार नाही ते जाऊ दे, थेल्माला कळता कामा नये. तिनं तिच्या आईला सांगून ठेवलंय, माझा नवरा टीव्हीवर येतोय. मी शब्द दिला. तो होता तोवर पाळला. यंदा बहीण म्हणाली, आता तरी एकदा सह्यांच्या खुर्चीवर बस.’

मी म्हटलं, ‘कथा छान रचलीत. विनी मेली, लेन मेला. साक्ष कुणाची? पुरावा द्या!’ शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

तो कपात चमचा फिरवत राहिला. मग इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं.

‘पुरावा तुम्हीच दिलात मला. उचललं तेव्हा तुम्ही मुखवट्याच्या फटीशी तोंड आणलंत. म्हणालात, “लेन, जपून रे. पोटात बाळ आहे. सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं.” मला बोलता येईना. हातानं तुमची पाठ दोनदा थोपटली. पुढचं सगळं मी जमीन चाचपत चाललो. लेनला सांगावंसं वाटलं होतं, पण ती बातमी माझी नव्हती. म्हटलं, घरी गेल्यावर तुम्ही सांगालच परत.’

हे शब्द असेच्या असे मी कधी कुणाला सांगितले नव्हते. आईला नाही, डोरीनला नाही. तो फटीतून ऐकणारा एक आणि मी एक.

तशीच उठले. फोटो तिथंच राहिला टेबलावर.

रविवार, ३१ ऑक्टोबर

मी परत सांगितलं नाही. कशाला सांगू? सांगून झालं होतं ना! तो काही बोलेल म्हणून नऊ दिवस वाट पाहिली. दहाव्या दिवशी भांडले — मला उचललंस तेव्हा मी बाळाचं सांगितलं आणि तू एक अक्षर बोलला नाहीस! लेन पांढराफटक पडला. मग म्हणाला, ‘हो. ऐकलं होतं. विचार करत होतो.’

ते ‘विचार करत होतो’ मी त्याला मरेपर्यंत माफ केलं नाही. आणि जॅनिस एकोणीस वर्षांची असताना, भांडणाच्या भरात, तिला म्हणाले — तुझ्या बापाला तू नकोच होतीस.

ग्रॅहमला लिहिलं: आत सिरिल टॅपलो होते. सही केली.

मग लीड्सला फोन लावला. म्हटलं, ‘जॅनिस, ऐक. बाबांना तू नको नव्हतीस. मी त्यांना सांगितलंच नव्हतं.’