यंदाच्या गणपतींचे डोळे

२ ऑगस्ट, पेण
कारखान्यात चारशे मूर्ती रंगून उभ्या. डोळे एकीचेही नाहीत. डोळ्यांची आखणी फक्त मीच करतो. बाबांनी तो ब्रश माझ्या हातात दिलाय, दुसऱ्या कुणाच्या नाही. वडखळच्या नाक्यावर माझा मित्र जितेशने कोकेनची पुडी दिली. म्हणाला, झोप नाय, थकवा नाय. मी व्यसनी नाही. चतुर्थीला बंद. लिहिलंय म्हणजे बंदच.

५ ऑगस्ट
एका दिवसात साठ मूर्तींचे डोळे! पूर्वी तीस व्हायचे. छाती धडधडते, पण इंजिन चालू असलं की आवाज येणारच. बायको म्हणाली, जेवत नाय, बोलताय किती! अनिताला माझी प्रगती बघवत नाही.

९ ऑगस्ट
रोह्याजवळच्या अष्टमी गावात स्टॉल लावणारे केरूशेठ अकरा मूर्ती परत घेऊन आले. म्हणे, बाप्पा दचकलेला हाय, पोरं जवळ जाईनात. सांगितलं, हे मॉडर्न एक्स्प्रेशन आहे. रोह्याकडच्या लोकांना कला कळत नाही.

१२ ऑगस्ट, दुपारी
छातीत आवळल्यासारखं. डावा हात जड. ब्रश उजव्या हातात धरतो, त्यामुळे काही बिघडलं नाही. अ‍ॅसिडिटी.
मोबाइलवर वाचलं. कोकेनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात, तरण्या माणसालाही अ‍ॅटॅक येतो. कमजोर लोकांचं असेल. तरी मी बेसावध नाही. बाबांची ठोके कमी करायची गोळी खिशात ठेवली. झालं की नाही ट्रीटमेंटचं?

१६ ऑगस्ट, चार वाजता
पुडी घेतली. ठोके मिनिटाला एकशे साठ. गोळी गिळतोय. सगळं कंट्रोलमध्ये.

१९ ऑगस्ट, हॉस्पिटल
सोळा तारखेला गोळीनंतर कोसळलो, अनिताने इथे आणलं. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, काही घेतलंय का? तिन्ही वेळा मी अ‍ॅसिडिटी म्हणालो. शेवटी अनिताने पुडी आणि गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. डॉक्टर भडकले. ही गोळी कोकेनवर घेतली तर रक्तवाहिन्या आणखी आवळू शकतात म्हणे. कोकेनचं विष उतरवणारं असं खास इंजेक्शनही नसतं. मला शांत करणारं इंजेक्शन दिलं, अ‍ॅस्पिरिन दिली, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध लावलं. खोटं बोलण्यात अर्धा तास गेला, तेवढ्यात हृदयाचा एक तुकडा कायमचा निकामी झाला, असं म्हणाले.
मी सांगणारच होतो. विचारायची पद्धत असते.
बाहेर बाबा रडत होते. तेव्हा मात्र घाबरलो.

२५ ऑगस्ट, घरी
उरलेली आखणी अनिताने केली. ब्रश बाबांनीच तिच्या हातात दिला, मला न विचारता. केरूशेठ सगळ्या मूर्ती घेऊन गेले. म्हणाले, वहिनी, यंदा बाप्पा कसा मायेनं बघतोय!
मी म्हटलं, मलाही काम द्या, हात तोच आहे. अनिताने उंदरांचे डोळे दिले. दोन बरे जमले. तिसरा उंदीर दचकलेलाच निघाला. तिने तो उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.