प्लसच्या वरचा मध

३ तारीख, सोमवार
रोजनिशी एक तारखेपासून लिहायची ठरली होती. आधी पेन नव्हतं. पेन आणायला निघालो तर वाटेत एक जण फुटपाथवर घड्याळं दुरुस्त करत होता, तिथे दुपार गेली. पेन राहिलंच. आजपासून नियमित.
बातमी: नोकरी लागली. मधाचं दुकान. सध्या ट्रायल. पक्का झालो तर दुकानावरची खोली मिळणार, म्हणजे ताईच्या हॉलमधला सोफा सुटेल. भावोजी रोज सकाळी माझ्या पायांकडे बघून उसासा टाकतात आणि सोफ्याखाली मोजे शोधतात.

४ तारीख
मालकीणबाईंनी मनुका मधाचं लेबल शिकवलं. मनुका म्हणजे बेदाणा नव्हे, न्यूझीलंडचं एक झुडूप. यूएमएफ आणि एमजीओ, मधाचा जोर मोजायच्या दोन वेगळ्या मोजपट्ट्या. एमजीओ म्हणजे जंतू मारणारा घटक किलोमागे किती मिलिग्रॅम आहे ते. यूएमएफ वीस म्हणजे एमजीओ आठशेच्याही वर. मला लगेच समजलं, त्यामुळे पुढचं ऐकलं नाही.
दुपारी एका बाईंना सांगितलं, ही पाचशे चौदावाली बरणी घ्या, त्या वीसवालीपेक्षा पंचवीस पट जोरदार आहे. मालकीणबाईंनी धावत जाऊन त्यांना रस्त्यात गाठलं. परत आल्यावर मला म्हणाल्या, "आकडा वाचायच्या आधी कशाचा आकडा आहे ते वाच रे बाबा."
थकलेल्या दिसतात. दुकानाला माझी गरज आहे.

६ तारीख
नवा माल आला, यूएमएफ वीस प्लस. मधवाले काका पुरवतात. मालकीणबाई त्यांच्याकडूनच घेतात, तरी प्रत्येक मालातली एक बरणी लॅबला पाठवतात, लेबलवरचं खरं आहे ना बघायला. बरणी पोचवायचं काम माझ्याकडे. विश्वासाचं काम. उद्या सकाळी पहिलं तेच.

७ तारीख
लॅबच्या बसला गर्दी. शेजारची रिकामी होती, खिडकी मिळत होती. ती तळ्यापर्यंत जाते. तळं चांगलं आहे.
बरणी घरी आणली. थंडीने मध घट्ट झालाय, म्हणून हीटरवर ठेवली. काळजी घ्यावी लागते.

८ तारीख
तळ्यावरच्या वाऱ्याने घसा बसला. सील फोडलं. लॅबवाले फोडणारच होते. एकच चमचा, तोही अभ्यास म्हणून. आपण काय विकतो ते विकणाऱ्याला माहीत नको?
विचार करता लक्षात आलं: वीस प्लस म्हणजे वीस तर आहेच, वर आणखी काहीतरी आहे. लेबलने वीसचा शब्द दिलाय. प्लसचा हिशोब कोणी मागत नाही. मी फक्त प्लस खातोय.

९ तारीख, रविवार
प्लस बराच होता. बरणी अर्ध्यावर आली.
ताईच्या डब्यातला साधा मध घालून गळ्यापर्यंत भरली. रंग थोडा उजळ वाटतो. हलवल्यावर वाटत नाही.

१० तारीख
लॅबला दिली एकदाची. काउंटरवरच्या मुलीने सील का तुटलंय विचारलं. म्हटलं, प्रवासात. खोटं नाही, तळ्यापर्यंत प्रवास झालाच होता.

१७ तारीख
रिपोर्ट आला. एमजीओ लेबलच्या निम्माही नाही. मध तापवल्याची खूणसुद्धा सापडली. लॅबला हीटर कळतो, हे कोणी सांगायला हवं होतं.
मालकीणबाईंनी तो दोनदा वाचला. मग मधवाल्या काकांना फोन. ते म्हणत होते, असं होणंच शक्य नाही, परत तपासा. बाई म्हणाल्या, आता कशाला, सगळा माल घेऊन जा, यापुढे पाठवू नका. फोन ठेवून मला म्हणाल्या, "माझ्या लग्नात वाढायला उभा होता रे हा माणूस."
सगळं सांगायचं ठरवलं. पण त्या जेवायला बसल्या. जेवताना माणसाला असं काही सांगू नये.

१९ तारीख
पक्का झालो. बाई म्हणाल्या, तू बरणी नेलीस म्हणून फसवणूक कळली. खोलीची किल्लीही दिली.
आज सांगणारच होतो. पण ट्रायलवरच्या पोराचं कोण ऐकतं? पक्क्या माणसाच्या कबुलीला वजन असतं. जरा रुळतो, मग सांगतो.
भावोजींना किल्ली दाखवली. स्वतःहून माझी बॅग माळ्यावरून काढून दिली. शीळ घालत होते.

२१ तारीख
आणखी दोन दुकानांनी काकांचा माल परत पाठवला म्हणे. बातमी पसरते. काका आता कोणाकोणाला फोन करतात, लोक उचलत नाहीत.
बाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी विचारलं, काय रे? मी म्हटलं, बल्ब बदलायचाय का? बदलला. चालू होता तो.
दमलो. काही न करताही माणूस किती दमतो.

२३ तारीख, रविवार
बॅग भरून झाली. संध्याकाळी खोलीवर जायचं. सोमवारी नक्की सांगणार. सुरुवातीचं वाक्यही तयार आहे: बाई, रागावू नका, पण
आत्ताच ताई डोकावून गेली. म्हणाली, "कोणी मधवाले काका आलेत. म्हणतात, दुकानापासून लॅबपर्यंत बरणी ज्याच्या हातात होती, तोच एक सांगू शकेल की मध चांगला होता. बसा म्हटलं तर बसत नाहीयेत, दारातच उभे आहेत."