विहिरीच्या पाण्याचा निकाल

२१ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. नव्या गावी घर लागलं का? तिथल्या नोकरीत मान मिळतो ना? इकडे आम्ही बरे आहोत. चिमणीच्या हातांवरचे चट्टे जवळजवळ गेले, आता ती बाह्या वर करून शाळेत जाते. रोपवाटिकेत गुलाबाची कलमं धरली आहेत.

निकाल तुमच्या कानावर आलाच असेल. कचरा डेपो बंद करून झाकायचा, आमच्या वस्तीला नळाचं पाणी द्यायचं, आजारी माणसांचे उपचार नगरपालिकेने करायचे आणि काम होईपर्यंत मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः कोर्टात हजर राहून ते कुठवर आलं हे सांगत जायचं. वकीलबाई म्हणाल्या, "‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही त्यांची पळवाट बंद झाली ती त्या इंजिनिअर बाईंच्या साक्षीमुळे." पूर्ण वस्ती तुमचं नाव घेते. कोपऱ्यावरचा शिंपी तर तुम्ही आलात की फुकट ब्लाउज शिवणार आहे, आणि तो कसा शिवतो हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा जपून.

ह्यांचा राग मात्र गेलेला नाही. खोटं कशाला लिहू? नगरपालिकेच्या वकिलाने विचारलं, "डेपोच्या तळाचं प्लास्टिक फाटून घाण विहिरीत झिरपतेय हे कार्यालयाला माहीत होतं, असं तुमचं म्हणणं?" तुम्ही म्हणालात, "हो. मी तपासणी केली होती, वरिष्ठांना कळवलं होतं. त्यांनी गप्प राहायला सांगितलं आणि मी राहिले." त्यावर हे उठून बाहेर गेले. सख्ख्या बहिणीला माहीत होतं आणि आपण तेच पाणी पीत राहिलो, हे त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मलाही तेव्हा वाईट वाटलं. पण नोकरीवर पाणी सोडून, भावासमोर उभं राहून स्वतःविरुद्ध बोलायचं, हे मला जमलं नसतं.

परवा नळ सुरू झाला. ह्यांनी ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "तिला कळव." एवढंच. पण तुमचा भाऊ किती बोलतो ते तुम्हाला माहीत आहे.

आभाराचं पत्र इथेच संपवणार होते. मघाशी पेन खालीही ठेवलं.

वन्सं, चिमणीच्या पाठच्या बाळासाठी तुम्ही बाळंतविडा विणायला घेतला होता, आणि मग सगळं मध्येच राहिलं. त्यावर आपण कधीच बोललो नाही. सासूबाई मायेनेच म्हणाल्या होत्या, "मातीच्या कुंड्या उचलायला नको होत्यास गं." ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं. ह्यांनी त्यानंतर एकही कुंडी मला उचलू दिली नाही. मला वाटायचं, त्यांनाही तसंच वाटतं. मीच घालवलं, असं धरून मी जगत होते. हसत होते, गिऱ्हाइकांशी बोलत होते, सगळं करत होते.

तुमच्या साक्षीनंतर वकीलबाईंनी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना साक्षीला बोलावलं. डेपोच्या आसपासच्या किती बायकांचं असं झालं ते त्यांनी सांगितलं. पाण्यामुळेच झालं हे एकेकीबद्दल छातीठोक सांगता येणार नाही, म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी त्यांना गाठून कुंड्यांचं विचारलं. त्यांनी माझा हात धरला. "त्याने नाही गं बाई," म्हणाल्या.

मी जिन्यात बसून रडले. ह्यांना वाटलं, तुमच्यामुळे रडते. मी सांगितलं नाही. काल सांगितलं. ते बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिले.

तुम्ही तोंड उघडलं नसतं, तर डॉक्टरीणबाईंना कोणी बोलावलं नसतं आणि मी हे ओझं जन्मभर वाहिलं असतं. तुमच्या गप्प राहण्याचा हिशोब तुमचा तुम्ही मांडतच असाल. त्यात माझं हेही जमेला धरा.

आता या. ते दार उघडतील, बोलणार नाहीत कदाचित. मी बोलेन.

तुमची भावजय,
दोन लेकरांची आई