सासऱ्यांचं मशीन आणि माझी एकतीस एमबी

२२ सप्टेंबर, रविवार
ठरलं. आमच्या लिनक्सच्या डिसेंबरच्या आवृत्तीसाठी बूट इमेजची चाचणी मी करणार. यादीत सगळ्यांनी सोपी कामं उचलली: एक डिस्क, एक सिस्टिम, झालं. सगळ्यात अवघड रकाना रिकामा होता. दोन डिस्क एकमेकींचा आरसा, त्यावर कुलूप, कुलपाच्या आत विभाग, विभागाच्या आत मुख्य सिस्टिम. तिथे मी माझं नाव घातलं. ओलोमोउत्सहून राद्काने (ती या आवृत्तीची प्रमुख) विचारलं, नक्की ना? मी लिहिलं, नक्की.

लोकांना बूट इमेजची किंमत नसते. मशीन सुरू झालं की पहिले दहा सेकंद एक छोटं गाठोडं जागं होतं. ते डिस्क शोधतं, पासवर्ड विचारतं, कुलूप उघडतं, सगळं मुख्य लिनक्सच्या हवाली करतं आणि नाहीसं होतं. आभार कोणी मानत नाही. मला ते जवळचं वाटतं.

खोट्या, सॉफ्टवेअरमधल्या मशीनवर चाचणी करणं मला पटत नाही. खरं मशीन हवं. यारमिलाने स्वतःचा लॅपटॉप द्यायला नकार दिला. (बायको आहे, पण विश्वास नाही.) म्हणून आज ओरेखोव्का गावी सासऱ्यांच्या मशीनवर सगळं बसवलं. त्यांना सांगितलं, बाबा, आता हे मशीन बँकेपेक्षा सुरक्षित आहे. ते म्हणाले, "माझ्याकडे सफरचंदं आहेत, लेओश. ती कोण चोरणार?"

पहिल्याच फटक्यात सुरू झालं. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

२९ सप्टेंबर
फोनवर सासरे. मशीन चालतंय, पण रोज सकाळी पासवर्ड कशाला? म्हटलं, सवय होईल. वय त्र्याऐंशी, पण सवय होईल.

त्यांची सफरचंदांची यादी त्या मशीनवर आहे. मोराव्हियन, म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या जातींची, तीस वर्षांची. कुठलं झाड कोणाच्या परसात, साल कशी, चव कशी, कधी पिकतं. एकशे बारा नावं. १९ ऑक्टोबरला गावच्या सभागृहात प्रदर्शन आहे, त्याच यादीवरून प्रत्येक बशीपुढचं लेबल छापायचं. हात थरथरतो, त्यामुळे हाताने लिहिणं त्यांचं केव्हाच सुटलं.

यारमिलाने विचारलं, यादीची दुसरी प्रत आहे ना? मी हसलो. अगं, दोन डिस्क एकमेकींचा आरसाच आहेत. आणखी किती प्रती?

६ ऑक्टोबर
इमेज नव्वद एमबीची आहे. लाजिरवाणं. बारीक करणार. राद्काला कळवलं की एका आठवड्यात निम्मी करतो. तिने उत्तर दिलं नाही. बहुधा थक्क झाली असावी.

१३ ऑक्टोबर, रविवार. ओरेखोव्का
एकतीस एमबी!! फॉन्ट काढले, परदेशी भाषांचे कीबोर्डचे तक्ते काढले, आणखी चाळीसेक फालतू गोष्टी काढल्या. इथल्या मशीनवर बसवली. जुनी इमेज पुसून टाकली. ती ठेवणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास.

बंद करून परत सुरू करून बघणार होतो, पण यारमिलाने तीनदा हाक मारली, भाजलेलं बदक थंड होत होतं. शिवाय बघण्यासारखं होतं काय? काम नीटच झालंय.

१४ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.१०
सासऱ्यांचा फोन. मशीन पासवर्ड घेत नाही. मी म्हटलं, सावकाश टाइप करा. ते म्हणाले, "अरे, याहून सावकाश टाइप केलं तर संध्याकाळ होईल."

९.४०. आठव्यांदा प्रयत्न केला म्हणे. आता पडद्यावर काळ्यात पांढरी अक्षरं आली आहेत. वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी चष्मा शोधला, मग एकेक अक्षर वाचलं. अकरा मिनिटं. शेवटी कळलं की ते मॉनिटरच्या कडेवरचं कंपनीचं नाव वाचत होते.

माझं निदान: आरसा तुटला. दोन डिस्कचं एकमेकींशी जमत नाही. अतिशय दुर्मिळ दोष. राद्काला सहा पानी अहवाल पाठवला.

१५ ऑक्टोबर
दुरुस्त अहवाल, चौदा पानं. आकृत्यांसह.

यारमिला म्हणाली, तुझ्याकडे मशीन बाहेरून सुरू करायचा तो पेनड्राइव्ह, रेस्क्यू स्टिक, आहे ना? तो लाव, यादी बाहेर काढ, बाबांना दे, मग तुझी चाचणी कर. मी तिला शांतपणे समजावलं की बाहेरून उघडलं तर पुरावा नष्ट होतो. मशीन आतूनच उघडलं पाहिजे, नाहीतर आपण सिद्ध काय केलं? ती म्हणाली, "लेओश, तुला नेमकं कोणापुढे काय सिद्ध करायचंय?" तांत्रिक प्रश्न नव्हता.

१६ ऑक्टोबर, बुधवार. ओरेखोव्का
रजा टाकून आलो. स्टिक मुद्दाम ब्रनोला घरीच ठेवला, मोह नको.

दिवसभर मशीन उघडं. डिस्कच्या वायरी अदलाबदल केल्या. एक डिस्क काढून, मग दुसरी काढून. पासवर्ड तेवीस वेळा. सासरे मागे खुर्चीवर बसून होते. दर तासाने एक सफरचंद चिरून पुढे ठेवायचे. चार वाजता म्हणाले, "पाव्हणे बारा तारखेपासून फोन करतायत. झ्लिनहूनसुद्धा येणारेत. लेबलं शुक्रवारपर्यंत होतील का रे, इंजिनिअरसाहेब?"

म्हटलं, शंभर टक्के.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
यारमिला बसने आली. सरळ वडिलांशेजारी जाऊन बसली. शेजारच्या व्लास्ताबाई आल्या, सोबत जाड कागदाचे तुकडे. सासरे एकेक सफरचंद हातात घेऊन नाव सांगणार, या दोघी लिहिणार.

मी पलीकडच्या खोलीत मशीनपाशी. दार उघडं होतं. "ही यादर्निच्का. ही स्ट्रीम्का, फेब्रुवारीपर्यंत टिकते, लिही." आवाज खणखणीत होता. मग एका सफरचंदापाशी ते अडले. यारमिला म्हणाली, बाबा, राहू दे, पुढचं घेऊ. ते म्हणाले, "नाही, थांब. हे झाड मी स्वतः कलम केलंय. थांब जरा." व्लास्ताबाई म्हणाल्या, "आल्बीन, मला तर सकाळी माझ्या जावयाचं नाव आठवत नव्हतं." ते हसले नाहीत.

शेवटी अकरा सफरचंदं बिननावाची राहिली. त्यांनी ती वेगळ्या टोपलीत ठेवली आणि टोपलीवर फडकं टाकलं.

मला पाणी प्यायला त्या खोलीतून जायचं होतं. गेलो नाही. तहान फार नव्हती.

१८ ऑक्टोबर
राद्काचं उत्तर. चौदा पानांना एक ओळ: "तुझ्या बारीक इमेजमध्ये चेक कीबोर्डचा तक्ता आहे का? झेड आणि वाय उलटे दाबून बघ."

हास्यास्पद. आरशाच्या दोषाशी कीबोर्डचा काय संबंध? तसं कळवलं. नम्रपणे, पण दोन पानांत.

१९ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ११.५०
सगळे सभागृहात गेलेत. घरात मी एकटा. सहज, केवळ तिचा मुद्दा खोडण्यासाठी, झेडच्या जागी वाय दाबला.

उघडलं.

म्हणजे आरसा धडधाकट होता. कुलूप धडधाकट होतं. फक्त इमेजला आपली अक्षरं येत नव्हती (चेक कीबोर्डवर झेड आणि वाय इंग्रजीच्या उलट जागी असतात), कारण मी ती परदेशी भाषांबरोबर काढून टाकली होती. असो. दोष सापडणं हेच चाचणीचं यश. यादी समोर आहे, एकशे बारा नावं. ती अकराही.

१२.०५. आता छापून धावत जाता येईल. पण दोन मिनिटांत तक्ता परत घालून इमेज नव्याने बांधतो. म्हणजे सभागृहात नेल्यावर मशीन सगळ्यांसमोर सरळ, नेहमीच्या पासवर्डने सुरू होईल. सासऱ्यांना स्वतःच्या हाताने उघडू दे. त्यांनाही बरं वाटेल.

१२.२०. बांधली. बंद केलं. सुरू केलं.

१२.२५. कीबोर्ड आता चेक आहे, असं मी खात्रीने म्हणू शकतो. पण पासवर्ड विचारतच नाही. डिस्कच सापडत नाहीत म्हणतंय. घाईत आरसा ओळखणारा भाग इमेजमध्ये घालायचा राहिला.

१२.३०. यारमिला चार्जर न्यायला आली. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "उघडलं होतं, तेव्हा यादी कॉपी केलीस?"

ती चार्जर न घेताच गेली.

संध्याकाळी ६. सभागृहात मी गेलो नाही. व्लास्ताबाई सांगून गेल्या, गर्दी होती. बिननावाच्या टोपलीपाशी सासरे दिवसभर उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, ओळखता का हो हे? कोणी काही, कोणी काही सांगत होतं. ते मान हलवायचे, नाही म्हणायचे.

२० ऑक्टोबर, रविवार
पहाटे निघालो. ब्रनोला जाऊन स्टिक आणला. नव्वद किलोमीटर जाणं, नव्वद येणं. स्टिक लावला, पासवर्ड टाकला, यादी बाहेर काढली. वीस मिनिटं.

मग एकशे बारा लेबलं छापली. जाड कागद, नाव मोठं, खाली चव आणि पिकण्याचा काळ. सुंदर आली आहेत, हे कोणीही मान्य करेल. कडा सरळ कापल्या, वर्णानुक्रमे लावली आणि बागेत नेऊन सासऱ्यांच्या हातात दिली.

ते बाकावर बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि ती अकरा काढून एकेक करून वाचली. प्रत्येक नावापाशी थांबत होते, ओठ हलत होते. एकदा हळूच स्वतःशीच "हो, हेच" म्हणाले. मग गठ्ठा नीट जुळवून गुडघ्यावर ठेवला.

मी विचारलं, टोपली कुठंय?

सगळी सफरचंदं सकाळीच रसाच्या गिरणीवर गेली, प्रदर्शनानंतर दरवर्षी जातात तशी. चांगला रस निघाला म्हणाले, साठ लिटर.

थोड्या वेळाने त्यांनी वर पाहिलं. रागावलेले नव्हते, खरंच विचारत होते.

"छान छापलीस. आता ही कशावर लावू, इंजिनिअरसाहेब?"