आईचा बाक आणि ऑइलपेंटचा डबा

ती. मामा,

भाचा प्रेमराज पाया पडतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुमची लेक ज्योत्स्नाताई तिच्या पिंप्राळ्याच्या घरी तुम्हाला जिना चढू देत नाही म्हणे. बरं करते. (आपल्या गावात चढण्यासारखा जिना फक्त नगरपालिकेचा, आणि तो चढून कुणाचं भलं झाल्याचं मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही.) तुमचा पियुष नगरसेवक झाला, त्याचे पेढे पोचले असतील. पेढ्यांबरोबर जे पोचलं नसेल ते मी लिहितो.

आचारसंहिता लागली तशी साहेबांनी मला कर विभागातून उचलून नावं झाकायच्या पथकाचा प्रमुख केलं. नगरपालिकेच्या जिवावर कुणाची जाहिरात होऊ नये, हा नियम. मला तो मनापासून पटला, तिथेच माझं चुकलं. गावात नाव नसलेली वस्तू शोधून दाखवा! मुतारीवर नाव, पाणपोईवर नाव, वैकुंठरथावर तर फोटोसकट (मेलेल्यानं शेवटचं दर्शन कुणाचं घ्यायचं, तेही ठरलेलं). मी आणि हिलाल शिपाई ऑफिसातली रद्दी आणि खळ घेऊन दिवसभर कागद चिकटवत हिंडलो. संध्याकाळी कळलं, त्या रद्दीत माजी नगराध्यक्षांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात होती. जिथे त्यांचं नुसतं नाव होतं, तिथे आता ते हात जोडून हसत होते.

साहेबांनी मला झाडलं आणि कागद बंद केला. ग्रॅनाइटच्या कोनशिलांना पांढरं कापड (त्या पुढे लागतात ना!) आणि बाकी सगळ्याला ऑइलपेंट, असा हुकूम निघाला.

आई गेली तेव्हा गंधमुक्तीला जेवणावळ न घालता आपण ग्रामीण रुग्णालयासमोर सिमेंटचा बाक दिला, ते तुम्हाला आठवत असेल. औषधाच्या रांगेत तिला टेकायला जागा नसायची, म्हणून. मी म्हणत होतो, ‘कै. बेबाबाई यांच्या स्मरणार्थ’ एवढंच पुरे. तुम्ही म्हणालात, खाली पियुषचंही नाव टाक, तो तिचा सख्खा भाचाच आहे. टाकलं. पुढे पियुष निवडणुकीला उभा राहिला, आणि समोरच्या पार्टीच्या रतिलालने बाकाचा फोटो काढून तक्रार ठोकली. मी साहेबांना हात जोडले, खालची ओळ पुसतो, वरची राहू द्या. साहेब म्हणाले, अर्धवट पुसलं तर पुन्हा तक्रार येईल, सगळंच रंगवा.

हिलाल म्हणाला, “भाऊ, तू सरक, मी मारस.” मी सरकलो नाही. आईच्या नावावर ब्रश मीच मारला, आणि मामा, चारचौघांत रडलो. औषधाला आलेल्या सुमनबाई विचारू लागल्या, “बेबाअक्कानं नाव कोठे गयं रे भो?” मी म्हटलं, आचारसंहिता शे. त्या म्हणाल्या, “मंग ती बी निवडनूकमा उभी शे का?”

निकाल लागला, कापडं निघाली, कोनशिला पूर्वीसारख्या चकाकू लागल्या. बाकाला मी रॉकेल लावलं, टर्पेंटाइन लावलं, घासून घासून बोटं सोलली. रंगाबरोबर आईची अक्षरंही गेली. आणि गेल्या आठवड्यात त्याच जागी लाल रंगात आलं, ‘नगरसेवक मा. पियुषभाऊ यांच्या सौजन्याने’. पियुषला विचारलं, तर म्हणतो, दादा, जागा कोरी दिसली म्हणून पोरांनी टाकलं असेल.

सख्ख्या आत्याच्या नावाची जागा त्याला कोरी दिसली. असो. मामींना नमस्कार सांगा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमचा,
प्रेमराज

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. पियुषचं नाव पुसा असं मी म्हणत नाही. त्याखाली, बारीक अक्षरात का होईना, तुमच्या बहिणीचं नाव टाकायला त्याला सांगा. माझं तो ऐकत नाही.

आणखी एक : सांगणं अवघड वाटत असेल तर राहू द्या. पुढच्या निवडणुकीलाही पथकात मीच आहे. ऑइलपेंट अर्धा डबा उरला आहे, आणि झाकण मी घट्ट लावून ठेवलं आहे.