कायुपानचं माप

सांता ब्रिहिदा, ३ मार्च १८८८
आजपासून मी या संग्रहालयात! विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही, पण गावातले सगळे तराजू माझ्याच हातचे, हे संचालकांनीही मानलं. काम नाजूक आहे: कवटीत किती मावतं ते मोजायचं. कवटीच्या मानेकडच्या भोकातून मोहरी मापून भरायची, हलवून बसवायची, परत काचेच्या मापात ओतायची. आजचे आकडे तंतोतंत जुळले. दारवान बेनितो नळीनं माते नावाचा कडू काढा ओढत म्हणाला, डॉन फाउस्तिनो, लोकांची डोकी मोजताना स्वतःचं खुंटीला टांगून विसरू नका. हसलो.

५ मार्च
तळघरात किन्तुराय राहते. लष्कराच्या दक्षिणेच्या मोहिमेत धरून आणलेली, मापुचे जमातीची बाई. दिवसभर मागावर असते. तिचा भाऊ कायुपान इथेच वारला. आता माझ्या फळीवर आहे. त्याला नदीकाठी, आईशेजारी पुरायचं म्हणते. संचालक म्हणाले, माप झालं की खुशाल ने. मी शब्द दिला, उद्या दुपारी.

६ मार्च
कायुपानच्या कवटीत भरली तेवढी मोहरी बाहेर येत नाही. दिवा धरून पाहिलं, आत दाणा नाही. किन्तुराय वर आली. डोकं जड झालंय म्हणाली, विणीतला पट्टा आठवत नाही. मी म्हटलं, बाई, जरा थांबा. असा आकडा माझ्या सहीनं जाणार नाही.

९ मार्च
शिशाचे छर्रे भरले. तेही कमी. बेनितो सांगतो, मी इथे भरायला लागलो की ती खाली कपाळ दाबून धरते. सकाळी आईचं नाव शोधत होती, हरवलेल्या सुईसारखं, जमिनीवर. बेनितो म्हणे, अहो, अंदाजे लिहा आणि सोडा बिचारीला.
अंदाजे! मी?

१२ मार्च
आज बेनितो खालून ओरडला, थांबा. मी भरतच राहिलो. एकदाच, शेवटचं —
मग खाली गेलो. नदी कुठली, तिला ठाऊक नाही. माझ्याकडे बघून गोड हसली.

१३ मार्च
अंदाजे आकडा लिहिला. कवटी फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवली. चला बाई, गाडी उभी आहे. ती उठेना. भांडं छान आहे म्हणाली, कुणाचं हो?
भोकातून लोकर कोंबते आहे. लाल. बोटानं ढकलून —
मी तिचा हात धरला. ऐकत नाही. बाई, अहो, हा तुमचा —