मागच्या अंगणातला हीट पंप

झाई
गुरुवार

प्रिय दीपेशदादा,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

मागच्या अंगणातला हीट पंप जुना झाला, नवा बुक केला आहे, एवढंच तू कळवलंस. दुरुस्त होईल का, हे मला विचारलं नाहीस. तलासरीच्या शीतगोदामातली पाच यंत्रं मी सांभाळते, तिथे माझा शब्द चालतो. घरातल्या एका यंत्राबद्दल मात्र तो धरला जात नाही.

तुझ्या बाजूनेही बघितलं. यंत्र अकरा वर्षांचं आहे. बोर्डीच्या रिसॉर्टने काढून टाकलं तेव्हा बाबांनी ते मागून आणलं, आणि टेम्पोत त्याला मिठी मारून तूच बसला होतास. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतं म्हटल्यावर अर्धी आळी बघायला आली होती. गेल्या वर्षी त्यातला गॅस गेला. गळक्या नळीला मी जोड मारला, तो आठ महिने टिकला. त्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालास, “घरची मेकॅनिक, आठ महिन्यांची गॅरंटी!” वहिनी हसली. मीही हसले. पण विसरले नाही.

रविवारी यंत्र पूर्ण उघडलं. कॉम्प्रेसरची रीडिंग बरोबर आहेत. टाकी आतून शाबूत आहे. कुजली आहे ती फक्त मागची कॉइल, जिच्यातून हवा आत ओढली जाते. तिच्या पात्या बोट लावताच पिठासारख्या गळत होत्या, पण वरच्या निम्म्या भागातच. नुसत्या खाऱ्या हवेने असं होत नाही, ती सगळीकडे सारखीच लागते. मी मान वर केली. मागच्या जाळीसमोरच्या बांबूवर बोंबील लटकत होते, तोंडात तोंड अडकवून, थेंब थेंब गळत.

आईला विचारलं, तर ती खुशीत म्हणाली, “अगो, तिथं यंत्र वारा ओढतं ना, माशी बसतच नाय. दोन दिवसांत कडक!” दोन वर्षं ती घरापुरते बोंबील तिथेच सुकवते आहे, आणि खारं पाणी थेट कॉइलवर जातं आहे. तिच्यावर रागावले नाही. गेल्या वर्षी मी गळती शोधली, ती का झाली हे शोधलं नाही. ती चूक माझी. पण नवं यंत्र त्याच बांबूशेजारी बसलं असतं, तर तेही कुजलं असतं. तेव्हा तू कुणाला हसला असतास?

बांबू मी यंत्राच्या पुढच्या बाजूला हलवला. तिथून कोरडी हवा बाहेर पडते. आईला पटायला एक दिवस आणि तिथे सुकत घातलेले चार बोंबील लागले. नवी कॉइल बसवली, नायट्रोजन भरून चोवीस तास दाब ठेवला. गेजचा काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. मग गॅस भरला. आज पाणी पंचावन्न अंशांवर आहे. बर्फातले मासे निवडून आई आली, की त्यात गार पाणी मिसळून हात बुडवून बसते.

आता हे सगळं का लिहिलं, ते सांगते. तुझं नवं यंत्र काल दारात आलं. टेम्पोवाल्याने माझ्या हातातला पाना बघितला आणि माझ्या खांद्यावरून आत विचारलं, “घरमां कोई भाई छे?” आई म्हणाली, “भाई वापीला. यंत्राचं काय ते हिला विचार.” मी परतीच्या कागदावर माझ्या नावाने सही केली आणि टेम्पो वळवायला लावला. दुकानातून तुला फोन आलाच असेल. बहिणीने हट्ट केला, असं ते म्हणतील. तो हट्ट नाही, तपासून घेतलेला निर्णय आहे, आणि तो मी बदलणार नाही. खात्री करायची असेल तर ये, गेज लावून दाखवते. सोबत मेकॅनिक आणू नकोस. घरात आहे.

तुझीच,
दक्षा